‘काहीही चालेल’ म्हणता म्हणता

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे. सांगलीत गावभागात राहते आणि २००२ पासून एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. घरी मिस्टर आणि ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत. मुलगी गेल्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेली. मागच्या महिन्यात शाळेतल्या मैत्रिणींबरोबर जेवायला गेले होते. प्रत्येकीनं आपापलं सांगितलं, मी म्हणाले, “मला काहीही चालेल.” एक मैत्रीण म्हणाली, “अगं, पण तुला आवडतं काय?” मला सांगता येईना. खरंच आठवेना. घरी येऊन न्हाणीघरात रडले. २०१९ ला घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हापासून वाटतं, ही जी मी आहे ती मी नाहीच. नोकरी सोडावी, कुठंतरी एकटीनं राहावं. मिस्टर चांगले आहेत, कुणाबद्दल तक्रार नाही. सगळे म्हणतात, छंद जोपास. पण मला गाणं येत नाही, चित्र येत नाही, लहानपणीही काही येत नव्हतं. मग शोधून सापडणार तरी काय? आणि हे मुलीला सांगू का?

उत्तर :

ताई, विश्रामबागच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली २४ वर्षं मी माणसांचं ऐकते आहे. पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास जी माणसं येतात, त्यांतली बरीच जण सुरुवात अशाच एखाद्या लहानशा प्रसंगानं करतात. एकीला साडीच्या दुकानात स्वतःसाठी रंग सांगता आला नव्हता. एका गृहस्थांची बायको माहेरी गेली होती, आणि आपल्या एकट्यासाठी कोणती भाजी घ्यायची हे त्यांना मंडईत उभं राहून ठरवता येईना. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घ्यायचं! पण ज्याला उत्तर सुचत नाही त्याच्या पायाखालची जमीन त्या क्षणी सरकलेली असते. तुमचं रडणं मला अगदी समजतं.

‘काहीही चालेल’ हे आपल्या घरांमधलं शहाण्या मुलीचं वाक्य आहे. लहानपणी म्हटलं की आजी कौतुक करते, “आमची पोर हट्टी नाही हो.” लग्नानंतर म्हटलं की सासर खूश. पुढं नोकरीत तेच वाक्य कामी येतं : परीक्षेच्या कामाला कोण थांबणार, निवडणुकीची ड्युटी कोण घेणार, बाईंना काहीही चालतं. पंचवीस वर्षं हे चाललं की आतून उत्तर यायचं थांबतं. आवड मेलेली नसते. तिला कुणी काही विचारत नाही, म्हणून ती बोलत नाही.

पण मनाकडे जाण्याआधी शरीराकडे बघू. हे मी फार आग्रहानं सांगते, कारण मी स्वतः एकदा चुकले आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई येत होत्या. आयुष्यात राम उरला नाही, कशातच मन लागत नाही, असं म्हणायच्या. मी तीन महिने त्यांच्याशी आयुष्याबद्दल बोलत राहिले. मग दुसऱ्याच कुठल्या कारणानं त्यांचं रक्त तपासलं गेलं, तर हिमोग्लोबिन ७. बाईमाणसाचं ते १२ तरी असावं लागतं. औषध सुरू झालं, दोन महिन्यांत चेहरा बदलला. त्यांचे प्रश्न खोटे नव्हते, पण त्यांच्याशी झुंजायला लागणारी ताकदच अंगात नव्हती आणि मी ते पाहिलं नाही. त्यानंतर चाळिशीपुढच्या कुणाशीही रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मी दुसरी बैठक करत नाही. तुम्हीही या आठवड्यात हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. शिवाय आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, आणि त्याआधीची काही वर्षं झोप तुटते, उगाच चिडचिड होते, रडू येतं. त्यावर उपाय आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणानं सांगा. सलग दोन आठवडे दिवसातला बराच वेळ उदास वाटत असेल, भूक-झोप गेली असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर हा प्रश्न स्वतःला शोधण्याचा राहत नाही. तो नैराश्याचा असू शकतो आणि त्याला डॉक्टरच लागतो. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

हे झालं की मग तुमचं ते वाक्य : ही मी नाहीच.

मध्यवयातल्या अशा उलथापालथीला एलियट जॅक्स नावाच्या कॅनडात जन्मलेल्या मनोविश्लेषकानं १९६५ मध्ये ‘मिडलाइफ क्रायसिस’ असं नाव दिलं आणि ते जगभर गेलं. इतकं गेलं की चाळिशी आली म्हणजे हे व्हायचंच, असं लोक धरून चालतात. तसं नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण चौघांमागे एकानंच असा अनुभव आल्याचं सांगितलं, आणि त्यांतही अनेकांच्या बाबतीत कारण वय नव्हतं. नोकरी गेली होती, लग्न मोडलं होतं, जवळचं कुणी गेलं होतं. तुमच्याही घरातून गेल्या वर्षी मुलगी बाहेर पडली. वीस-बावीस वर्षं सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या दुधापर्यंत जिच्या वेळापत्रकावर घर चाललं, ती गेली. म्हणून ‘वयाचं असतं, होईल बरं’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकून सोडून द्या.

मला यात जास्त उपयोगी पडलेला माणूस म्हणजे डोनाल्ड विनिकॉट. ते इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ, पुढं मनोविश्लेषक झाले. १९६० मध्ये त्यांनी खऱ्या ‘मी’बद्दल आणि खोट्या ‘मी’बद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लेकराच्या मनातली हालचाल मोठ्यांनी ओळखली नाही की लेकरू मोठ्यांच्या मनासारखं वागायला शिकतं. या मनासारखं वागण्यातून एक ‘मी’ तयार होतो, तो खोटा. पण तो शत्रू नसतो. आतल्या खऱ्याला धक्का लागू नये म्हणून तो दारात उभा असतो. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आधी तो दारातला माणूसच हाकलायचा असतो. “इतकी वर्षं मी नाटक केलं,” असं म्हणतात. ताई, तुम्ही नाटक केलं नाही. २३-२४ वर्षं शिकवलंत, सासूबाईंची गोळी चुकवली नाहीत, मुलीला पायावर उभं केलंत, पुराचा चिखल काढलात. हे सगळं करणारी बाई परकी कशी? तिनं घर राखलं. आता तिला थोडं बाजूला हो म्हणायचं आहे, एवढंच.

आणखी एक गोष्ट. १९६६ मध्ये जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञानं तरुणांची ओळख कशी घडते याचे चार प्रकार मांडले. त्यातला एक असा की निवड तर पक्की झालेली असते, पण चाचपून बघणं झालेलंच नसतं. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचं हेच झालं. बी.एड. कर, गावात नोकरी मिळेल, लग्नाला बरं पडेल. शिक्षिका होणं चूकच होतं असं नाही. पण ते तुम्ही निवडलं की तुमच्यासाठी निवडलं गेलं, हे कधी विचारायला वेळच मिळाला नाही. आता विचारलं, तर उत्तर ‘हो, मला हेच हवं होतं’ असंही येऊ शकतं. दोन-तीन शिक्षिकांच्या बाबतीत मी ते आलेलं पाहिलं आहे.

हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही पाहिली असतील. जमिनीत खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच खराब झाली. पेवाचा एक नियम जुनी माणसं सांगतात : बरेच दिवस बंद असलेलं पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड मोकळं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, कंदील खाली सोडून बघायचं. घाई करून उतरणाऱ्यांचे जीव गेले आहेत. तुम्ही राजीनामा आणि एकटीनं राहण्याच्या गोष्टी करता तेव्हा मला हा नियम आठवतो. झाकण आत्ताच सरकलंय. थोडं थांबा.

थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं नाही. पुढचे पंधरा दिवस ‘काहीही चालेल’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. कुणी विचारलं, चहात आलं घालू का, तर हो किंवा नाही. पंखा दोनवर की तीनवर, खिडकी उघडी की बंद, भाकरी की पोळी. उत्तर माहीत नसेल तरी द्या, चुकीचं दिलंत तर उद्या बदला. पहिले चार-पाच दिवस घशात अडकल्यासारखं होतं, अपराधी वाटतं. साधारण दुसऱ्या आठवड्यात कधीतरी उत्तर प्रश्नाआधी तयार असतं. तो क्षण लक्षात ठेवा. शरीरात काय जाणवतं ते बघा. पुढं मोठ्या निवडींच्या वेळी तीच खूण उपयोगी पडते.

याच्या जोडीला एक वही. रात्री झोपताना दोनच ओळी. आज वेळ कधी कळला नाही? आज जबडा, खांदे, पोट कधी आवळलं? भावना लिहू नका, प्रसंग लिहा. ‘नववी ब च्या तासाला वेळ कळला नाही’, ‘शिक्षकांच्या सभेत खांदे दुखले’. महिन्याभरानं वाचलंत की जे दिसेल ते तुमच्या मनातल्या समजुतीपेक्षा वेगळं असेल. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकांना वाटत होतं, शिकवण्याचाच कंटाळा आलाय. वहीत दिसलं की शिकवताना ते एकदाही आवळले नव्हते. आवळत होते ते माहिती भरण्याच्या आणि अहवाल देण्याच्या कामात. राजीनामा ते कशाचा द्यायला निघाले होते, बघा.

आता तुमचा तो प्रश्न, काहीच कला नसेल तर सापडणार काय? यावर मी जरा थांबून लिहिते, कारण ‘छंद जोपासा’ या सल्ल्यानं फार माणसं दुखावलेली मी पाहते. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ इथंच केलं. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाणं होतं. अशा गावात राहून आपल्याला एकही कला येत नाही म्हणजे आपल्या आत काहीच नाही, असं वाटू शकतं. पण स्वत्व आणि कला या वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं लक्ष कुणी न सांगता कुठं जातं, हात आपोआप कुठं वळतो, तिथं माणूस असतो.

एक गृहस्थ, वय ५२, बँकेत अधिकारी. (यातले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.) त्यांना मी विचारलं, तुम्हाला हेवा कुणाचा वाटतो? कौतुक कुणाचं वाटतं हे मी विचारत नाही. कौतुक आपण शिष्टाचार म्हणूनही करतो. हेवा शिष्टाचारानं करता येत नाही. ते खूप वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जाताना एक कारागीर दिसतो, भोपळ्यावर वाकून बसलेला, त्याचा. आम्हाला दोघांनाही वाटलं, गाण्याची ओढ असेल. ते सतारीच्या क्लासला गेले, दीड महिन्यात कंटाळले. मग आम्ही परत त्या चित्राकडे गेलो. त्यात त्यांना नेमकं काय दिसत होतं? माणूस एकटा आहे, हातात एकच वस्तू आहे, तिला लागेल तेवढा वेळ तो देतो आहे आणि कुणी त्याला मध्येच हाक मारत नाही. सतार त्यात नव्हतीच. आज ते शनिवारी दुपारी घरातली आणि शेजाऱ्यांची जुनी घड्याळं, मिक्सर, शिलाई मशिनं खोलून दुरुस्त करतात. बँक सोडली नाही. एवढ्यानं काय होतं, असं कुणी म्हणेल, पण त्यांच्या पत्नीनं मला सांगितलं, “हे आता जेवताना बोलतात.”

तुम्ही पुराचा उल्लेख केलात म्हणून एक विचारते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी ओसरल्यावर मी महिनाभर तुमच्याच भागात घरोघरी फिरत होते. लोकांना धीर द्यायला गेले होते, पण माझंच लक्ष गच्च्यांवर खिळायचं. कोण काय वाळत घालतंय? एका आजोबांचा सोफा, कपाट सगळं चिखलात तसंच होतं, आणि ते जुन्या पंचांगांचं एकेक पान सुटं करत बसले होते. एका बाईंनी भांडी घासायच्या आधी शिलाई मशीन पुसून तेल घातलं होतं. त्यांनी ती वर्षानुवर्षं चालवली नव्हती. तुम्ही चिखलातून सगळ्यात आधी काय काढलंत? घरच्यांसाठी म्हणून जे काढलं ते सोडून द्या. स्वतःसाठी, कुणी बघत नसताना, कशाकडे हात गेला? तिथून वहीचं पहिलं पान सुरू करा. त्या वेळी तुम्ही रडला नाहीत, कारण तेव्हा घर उभं करायचं होतं. आता जे रडू येतंय त्यात त्या दिवसांचंही काही असेल. ते येऊ द्या. हातून गेलेल्या वर्षांबद्दल वाईट वाटणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि तो टाळून पुढं गेलेलं कुणी मी पाहिलेलं नाही.

घरच्यांना कसं सांगायचं? जेवताना ‘मला स्वतःला शोधायचंय’ असं म्हणू नका. चांगला नवरासुद्धा यातून एकच ऐकतो : हिला माझा कंटाळा आला. मग तो घाबरतो, घाबरला की रागावतो किंवा थट्टा करतो. त्याऐवजी नेमकं मागा. “मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते साडेसात मी बाहेर असेन. आईंची सहाची गोळी तुम्ही द्यायची.” कुठं जाणार, असं विचारतील. कृष्णेच्या घाटावर बसणार, असं सांगितलंत तरी चालेल. पहिल्या आठवड्यात गोळी द्यायची राहील, फोन येईल, डबा कुठं आहे, झाकण कसं उघडायचं. फोनवर सांगा, पण उठून जाऊ नका. हा सगळ्यात अवघड भाग आहे. घराला नवी घडी बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि त्या दिवसांत ‘आपण स्वार्थी झालो’ असं तुम्हाला रोज वाटेल. ते वाटणं जुन्या सवयीचं आहे, त्यावरून निर्णय घेऊ नका. सासूबाईंना वगळूही नका. एका घरात सुनेला वाटत होतं, सासूबाई कटकट करतील. त्या म्हणाल्या, “जा गं, मला तर कुणी असं जाऊच दिलं नाही.” प्रत्येक घरात असं होईल असं नाही. पण विचारून बघा.

घरात मारहाण, धाक किंवा पैशाची अडवणूक असती तर मी तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं आणि १८१ या महिला हेल्पलाइनपासून सुरुवात केली असती. तुम्ही तसं काही नाही म्हणता, म्हणून एकटीनं राहण्याचा निर्णय मी लांबणीवर टाकायला सांगते. आधी एकटीनं दोन दिवस राहून बघा. दिवाळीच्या सुटीत एखाद्या लहान गावात जा, सोबत कुणी नको. बऱ्याच जणींना कळतं की हवं होतं ते एकटं राहणं नव्हतं, हाक न येणं होतं. ते घरातही मिळवता येतं, एक दार आणि दीड तास लागतो.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सहा महिने राजीनामा नाही. तुमची २० वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली आहे, म्हणजे तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. नुसता राजीनामा दिलात तर इतक्या वर्षांच्या सेवेचे लाभ हातचे जाऊ शकतात. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असल्यानं जुन्या पेन्शनचाही प्रश्न येतो, आणि तो शाळेला पूर्ण अनुदान कधी मिळालं यावर अवलंबून असतो. शाळेच्या कार्यालयातून हे लेखी घ्या. आकडा हातात आला की मनातली भीती आणि खरी अडचण वेगळ्या दिसायला लागतात. सहा महिन्यांनी वही म्हणाली सोडा, तर नीट हिशेब करून सोडा. तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही.

मुलीला सांगा. पण रात्री फोनवर रडत सांगितलंत तर ती सकाळच्या गाडीनं सांगलीला येईल, आणि तुम्ही पुन्हा तिच्या खाण्यापिण्याच्या मागं लागाल. रविवारी निवांत बोलत असताना तिला विचारा, “मला काय आवडतं असं तुला वाटतं?” मुलं आईला आपल्याला वाटतं त्याहून फार बारकाईनं बघत असतात. एका बाईंना त्यांच्या मुलानं सांगितलं होतं, “तू एरवी कुलूप दोनदा ओढून बघतेस, पण एसटीत खिडकी मिळाली की घराचं नावही काढत नाहीस.” त्या आता महिन्यातून एकदा एकट्याच एसटीनं जातात, कधी औदुंबर, कधी नरसोबाची वाडी, संध्याकाळी परत. तुमची मुलगी जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आणि ती म्हणाली, “आई, तुला काय, काहीही चालतं,” तर मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी ती आली की तिला जेवायला बाहेर घेऊन जा, आणि तिच्या आधी तुमचं तुम्ही सांगा.